नळीतली ज्येष्ठा

दुर्बिणीच्या संगणकाला ज्येष्ठा तारा दाखव म्हटलं, की तो आधी तारीख, वेळ आणि गाव विचारतो. मग मोटर घुमते आणि दुर्बीण आपसूक वळते.  आमच्या उंब्रजच्या गोठ्यातल्या नळीनं तारीख कधी विचारली नव्हती.

थोरला भाऊ तोफखान्यात होता. एकाहत्तरच्या दसऱ्याला रजेवर आला, तेव्हा त्यानं लोखंडी नळीचा तुकडा गोठ्याच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, काथ्यानं आवळून बांधला. दिशा एवढी, उंची एवढी, असं तोफेच्या रीतीनं मोजून नळी नैर्ऋत्येच्या लालसर ज्येष्ठेवर रोखली. तोफवाल्याचं निशाण जागचं हलत नाही, त्याला तेवढंच ठाऊक. आईला म्हणाला, "आये, दिवा लावला की हितनं बघत जा. मीबी तिकडनं त्योच बघीन."

तो गेला आणि चार-सहा दिवसांत तारा नळीतून खाली घसरला. म्हशीनं धक्का दिला म्हणून आई म्हशीवर खेकसायची. बिचारी म्हैस! दिवाळीनंतर तारा समोरच्या उसात बुडाला. डिसेंबरात लढाई झाली आणि भाऊ बेपत्ता असल्याचं कळलं. धड आहे असंही नाही, धड गेला असंही नाही.

मी तेव्हा सांगलीला बी.एस्सी. करत होते. कॉलेजच्या दुर्बिणीवर शिकले होते, की दिशा आणि उंची हा जमिनीवरून दिलेला पत्ता, तो घटकेघटकेला बदलतो. ताऱ्याचा स्वतःचा पत्ता म्हणजे विषुवांश आणि क्रांती, तो आकाशाबरोबरच फिरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला एवढंच सांगितलं, की नळी हलली नाही, तारा सरकला. वर्ष फिरलं की त्याच तारखेला, त्याच वेळेला परत नळीत येईल.

आईनं त्यातलं 'येईल' तेवढं धरलं. मेढीला म्हैस बांधायची बंद केली. भावकी दहावं उरकून घ्या म्हणायला लागली, तर तिचं एकच, वरीस फिरू द्या.

त्या साली अधिक महिन्यानं दसरा लांबला. तारा इंग्रजी तारखेनं चालतो, तो काही थांबला नाही. नळी बांधली ती तारीख मला पाठ होती, मी सांगलीहून आले. दिवा लावून आम्ही गोठ्यात गेलो. ज्येष्ठा नळीत बरोबर मधोमध होती. मी बाजूला सरून आईला पुढं केलं. ती बराच वेळ डोळा लावून उभी राहिली, मग वळून रस्त्याकडे बघत बसली. सांजेची एसटी येऊन गेली होती.

"तारा आला की गं," ती म्हणाली. "त्यो कुठं ऱ्हायला?"

 मग ती उठली, खांद्यावरचं फडकं नळीच्या तोंडात कोंबलं, आणि सकाळी भटजीला बोलवा म्हणून चुलत्यांकडे निरोप धाडला.