केळीचा डाग आणि पिवळ्या टपाची जीप

माझ्या नोकरीला एक मुदत होती, आणि ती कुठल्या कंपनीने नाही, वडिलांनी घातली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात सगळं येऊन आखाजीला टेकतं. सालदाराचं साल, माहेरी येणाऱ्या लेकी, लिंबाला बांधलेले झोके. वडिलांनी त्या यादीत मलाही बसवलं. आखाजीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पितरांची घागर भरायची आणि दुसऱ्या दिवशी जीप चोपड्याच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकायची. खाकरून सुरू करायचं आणि "समजलं?" म्हणून संपवायचं, ही वडिलांची बोलायची पद्धत. हे वाक्यही त्याच पद्धतीने आलं. मी मान हलवली आणि मागच्या अंगणात जाऊन तेच वाक्य जीपला ऐकवलं, खाकरण्यासकट. आईला वाटलं, वडील मागच्या बाजूला आले. नकला करण्यात माझा हात कुणी धरत नाही, आणि नोकरी लागत नाही त्याचं कारणही तेच असावं, असं आई म्हणायची.

जीप मूळची मामांची. धुळे-पिंपळनेर रस्त्यावर तिने काळी-पिवळी म्हणून आयुष्य काढलं. नऊ जणांच्या जागेत वीस जण, वर कोंबड्या. मामांनी धंदा सोडला तेव्हा ती जळगावातल्या आमच्या मेहरूणच्या घरामागे येऊन पडली. मी तिला हिरवा रंग दिला, पण टपापर्यंत पोचता पोचता रंग संपला, मग उत्साह संपला. टप पिवळाच राहिला. त्यामुळे मी कुठल्याही फाट्यावर दिसलो की लोक हात करायचे. थांबलो नाही तर शिव्या द्यायचे, थांबलो तर बसायचे.

ऑफरोडिंग हा शब्द मी मोबाइलवर शिकलो. त्याआधी आमच्याकडे त्याला शेतात जाणं म्हणायचे. व्हिडिओतल्या लोकांकडे केवढाली चाकं, दोरखंड, डोक्याला टोपी. आमची जीप फोर बाय फोरसुद्धा नाही. मागून चार जण धक्का मारायला असले की तिला आम्ही तसं म्हणायचो. पण रविवारी सकाळी नशिराबादच्या पुढे खडी काढून सोडलेल्या जमिनीत तिला घातली, की मजा विचारू नका. एका बाजूची चाकं वर, एका बाजूची खाली, समोर नुसतं आभाळ, आणि मग एकदम टपकन जमीन. गिरणेच्या कोरड्या पात्रात तर मी रस्ताच पाठ केला होता. कुठे वाळू घट्ट, कुठे भुसभुशीत, कुठे खडक वर येतो. आठवडाभर मुलाखतींमध्ये खाल्लेल्या सगळ्या नकारांची धूळ तिथे उडून जायची.

मुलाखतीसुद्धा मी खूप दिल्या, भो. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. मी इस्त्रीच्या आवाजात, म्हणजे बँकेतले साहेब बोलतात तसल्या आवाजात, उत्तर द्यायचो. संध्याकाळी मेहरूण तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर त्याच साहेबांची नक्कल करायचो तेव्हा माणसं पोट धरून हसायची. एकदा चहावाला म्हणाला, तू टपरीवर जेवढा चांगला बोलतो तेवढा तिथे का नाही बोलत. मी त्याचीही नक्कल केली आणि विषय संपवला.

आखाजीला आठ दिवस होते आणि धुळ्याहून बोलावणं आलं. शेतीच्या पाइपांची कंपनी. गाडीत माल आणि माहिती घेऊन गावोगाव जायचं, शेतात पाइप जोडून दाखवायचे. गाडी चालवायची, बोलायचं, आणि वर पगार. फोन ठेवल्यावर मी अंगणात जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या. मुलाखत दुपारी बाराला. आईने पांढरा शर्ट असा कडक करून दिला की तो माझ्याशिवायही उभा राहिला असता. सकाळी आठला निघालो.

गिरणेच्या पुलाच्या अलीकडे गाड्या उभ्या. पुलावर एक लांबडा ट्रेलर आडवा होऊन बसला होता. अर्धा तास झाला. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि एक अक्का हातात पिशव्या घेऊन आत चढली. मोठं कुंकू, पायात रबरी चपला. मी सांगितलं, ही पॅसेंजर गाडी नाही. तिने वर बोट दाखवलं.

"टप पिवया शे ना. धुये जास ना रे?"

धुळ्याला जात होतो, हे तर खरंच होतं. आखाजीसाठी लेकीला घ्यायला ती धुळ्याला निघाली होती आणि तासभर उन्हात उभी होती. तिला उतरवायची माझी छाती झाली नाही. पण बाराच्या मुलाखतीला पुलावर बसून राहायचीही नाही झाली. पुलाच्या उजव्या हाताने माझी रविवारची वाट खाली पात्रात उतरत होती. मी अक्काला म्हटलं, घट्ट धरा. तिने पिशव्या धरल्या.

एवढंच माहीत नव्हतं, की आदल्या दिवशी वरच्या धरणातून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. पेपरात बातमी होती. मी पेपर फक्त नोकरीच्या जाहिरातींपुरता वाचायचो, आणि ती बातमी त्याच पानाच्या मागे होती.

अर्धं पात्र झकास पार केलं. पाणी एका कडेने बोटभर वाहत होतं. जीप उडत होती, पाण्याचे फवारे दोन्ही बाजूंनी, अक्का मागे देवाचं नाव घेत होती, आणि मी, खोटं कशाला सांगू, मुलाखत विसरलो होतो. पलीकडचा काठ हाकेवर राहिला आणि मागची दोन्ही चाकं वाळूत बसली. मी एक्सलेटर दिला. आणखी बसली.

पुढे मी जे केलं ते जळगावचाच माणूस करू जाणे. काठावर केळीचा बाग होता. घड कापून नेलेले, पाडलेले खांब आणि पानं खाली पडलेली. आमच्याकडे जेवायला केळीचं पान, सत्यनारायणाला केळीचा खांब, ढोरांना केळीचा पाला. अडचण आली की हात आपोआप केळीकडे जातो. मी दोन खांब ओढत आणले, उभे चिरले, चाकांखाली सारले, वर पानं अंथरली आणि मोठ्या ऐटीत गाडी सुरू केली. साबणावर पाय पडावा तशी चाकं फिरली. खांबाचा सगळा चिखल-चोथा मागे उडाला, आणि चाकं वीतभर अजून खाली. उतरून बघतो तर शर्टावर पोटापासून खिशापर्यंत केळीचा चीक. तो लागताना पाण्यासारखा दिसतो. वाळला की तपकिरी होतो, आणि मग शर्ट फाटतो पण डाग जात नाही.

पात्रातच एका नानांचा डांगरमळा होता. डांगर म्हणजे खरबूज. नदी आटली की वाळूत वेल लावायचे, आखाजीच्या बाजाराला फळ काढायचं. नाना झोपडीच्या सावलीत बसून हा सगळा सोहळा पाहत होते. उठले, सावकाश आले, चाकाखाली वाकून बघितलं.

"हाऊ जयगावना शे," ते अक्काला म्हणाले. मी जळगावचा, हे ओळखायला मला काही विचारलंच नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "केय घसरस, पोऱ्या. पऱ्हाटी टाक."

मळ्याला वाऱ्याचा आडोसा म्हणून त्यांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचं कुंपण केलं होतं. त्यातली चांगली दोन भारे पऱ्हाटी त्यांनी स्वतः उपसून दिली. चाकांपुढची वाळू हाताने ओढायला लावली, काडी खुपसून मागच्या टायरांतली हवा थोडी सोडायला लावली. मी अक्काला उतरायला सांगितलं, गाडी हलकी होईल म्हणून. नानांनी हात आडवा धरला. चाकं मागची फिरतात, तर वजन मागेच पाहिजे. अक्का पिशव्या घेऊन अगदी शेवटच्या फळीवर सरकली आणि म्हणाली, आजपर्यंत माझ्या वजनाचा उपयोग कुणी केला नव्हता.

पहिला गिअर, पाय हलका. पऱ्हाटी कडकड मोडली, चाकाने ती धरली, आणि जीप म्हशीसारखी अंग झाडत वर आली. काठावर पोचलो तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो कुणाचीच नक्कल नव्हता. नानांनी एक डांगर मागच्या फळीवर ठेवलं. आखाजीला घागरीवर ठेव म्हणाले. कुंपणाचं काय, विचारलं तर म्हणाले, रविवारी ये, नवीन बांधून दे. दर रविवारी चकरा मारणारा तूच ना.

पारोळ्याला टायरात हवा भरली. अक्काला धुळ्यात तिच्या लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. कंपनीच्या दारात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता.

टेबलामागे दोघं होती. मधे एक मॅडम, बाजूला घड्याळाकडे बघणारे एक वयस्कर साहेब. मी वाटेत इस्त्रीच्या आवाजात पाठ केलं होतं, वाहतुकीच्या अडथळ्यामुळे विलंब झाल्याबद्दल क्षमस्व. ते निघालंही तोंडातून. मॅडम माझ्या शर्टाकडे बघत होत्या.

"हा केळीचा डाग आहे ना? पुलावर केळी असतात का?"

आता त्या डागापुढे काय खोटं बोलणार. मी सगळं सांगितलं. आणि सांगताना इस्त्री कुठे मोडली ते कळलं नाही. अक्का आली ती अक्काच्या आवाजात, नाना आले ते नानांच्या. वजन मागेच पाहिजे, इथे साहेबांनी घड्याळ सोडलं. अक्काच्या वजनाला तर ते एवढे हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मॅडम हसल्या नाहीत. उठल्या, खिडकीपाशी गेल्या, खाली उभी असलेली जीप बघून आल्या. मग म्हणाल्या, आमचा आधीचा मुलगा गाडी रुतली की ऑफिसला फोन करायचा. शेतकरी आजूबाजूला उभे असायचे आणि हा नेटवर्क शोधायचा.

"चाकाखाली काय टाकायचं?" त्यांनी विचारलं.

"केळी सोडून काहीही, मॅडम."

मग त्यांनी विचारलं, पश्चिमेकडे जाल का, साक्री, पिंपळनेर, आदिवासी पाड्यांपर्यंत. मी म्हटलं, आमच्या जीपला तो रस्ता पाठ आहे. त्या म्हणाल्या, जीप नाही, कंपनीची गाडी. आखाजी झाली की या. पाच वर्षांनी कुठे असाल ते कुणी विचारलंच नाही.

परतताना मी एकटाच मोठमोठ्याने बोलत होतो. एरंडोलपर्यंत सगळ्यांच्या आवाजात स्वतःचं अभिनंदन करून झालं.

वडिलांना सांगितलं. ते खूश झाले, म्हणजे दोनदा खाकरले. आणि मग म्हणाले, तू तर धुळ्याला राहशील, मग ही इथे अंगणात कोणासाठी ठेवायची? आता तर द्यायलाच पाहिजे. समजलं?

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोकरी मिळवून मी जीप घालवली होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी मोठ्या बहिणीला सासरहून आणायचं होतं. तिचं गाव गिरणेपलीकडे. एसटीला मुंगीलाही जागा नव्हती. वडील इतकी वर्षं त्या जीपमध्ये एकदाही बसले नव्हते. त्या दिवशी ते पुढच्या सीटवर बसले, मांडीवर पिशवी, पाठ ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. मी पूल टाळला आणि गाडी खाली उतरवली. आवर्तन ओसरलं होतं, वाळू घट्ट होती. आधी नानांकडे थांबलो आणि पऱ्हाटीचं कुंपण नीट बांधून दिलं. वडीलही दोऱ्या आवळायला लागले आणि माझ्या गाठींना नावं ठेवू लागले. नानांनी आणखी एक डांगर त्यांच्या दोन्ही हातांत दिलं.

मग मी मोकळ्या पात्रात गाडी सोडली. एक खड्डा, दोन खड्डे. मला वाटलं, झालं, वडील रागावले. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. डांगर छातीशी घट्ट धरलेलं, टोपी मागे सरकलेली.

"उजवीकडून घे," ते म्हणाले. "तिकडे उतार चांगला शे." आणि उतार संपल्यावर, माझ्याकडे न बघता, "अजून एकदा."

तीनदा घेतला तो उतार. तिसऱ्यांदा त्यांचा फोन वाजला. हात डांगरात अडकलेले, म्हणून म्हणाले, तू बोल. मी स्पीकर लावला. चोपड्याचं गिऱ्हाईक होतं. परवा जीप न्यायला येऊ का, आबा, असं विचारत होतं.

मला काय झालं माहीत नाही. मी खाकरलो. घरामागे हजारदा केला होता तो आवाज आज त्यांच्याच शेजारी बसून काढला. "जीप द्यायची नाही. विचार बदलला. समजलं?"

पलीकडून गिऱ्हाईक म्हणालं, आबा, नक्की ना? मी फोन वडिलांपुढे धरला. वडील डांगरासकट फोनकडे वाकले आणि खाकरले.

"आत्ताच सांगितलं ना एकदा."