पट्ट्याले विचारा

झाडावर चढणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, माकडं म्हणतात. बैहरकडच्या एका सागावर मी असा चढलो होतो की शेंड्यावर पोचेपर्यंत दाढी वाढली, आणि वर थंडी इतकी की खालून स्वेटर मागवावं लागलं. वारासिवनीत एका निलगिरीवर होतो तेव्हा राइस मिलचा भोंगा वाजला. त्याचा आवाज माझ्या तळपायाखालून गेला, गुदगुल्या झाल्या. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी माझ्या साडभावाला विचारावं, तो खाली दोर धरून उभाच होता. तो नाही म्हणेल ही गोष्ट वेगळी.

आमचा धंदा म्हणजे लोकांच्या छपरावर, भिंतीवर आलेल्या फांद्या उतरवायच्या. पद्धत जुनीच. वरच्या माणसाच्या कमरेला दोर. तो दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो, आणि खालचा माणूस बुंध्याला एक वेढा मारून त्याचं शेपूट हातात धरतो. वरच्याने 'ढील' म्हटलं की ढील, 'खींच' म्हटलं की खींच. वरचा मी. खालचा माझा साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. देह असा की वादळात झाडांनी त्याचा आधार घ्यावा. बोलणं मात्र नाहीच. मी वर गेलो की माझं तोंड सुरू होतं ते उतरेपर्यंत, आणि तो खालून प्रत्येक गोष्टीला 'हौ' म्हणतो. माझी थाप कितीही उंच जाऊ दे, 'हौ' तेवढंच. अशा रीतीने आम्ही अर्धं बालाघाट छाटून काढलं.

मग आमच्यात पट्टा आला.

आमचा मेव्हणा, दोघी बहिणींचा धाकटा भाऊ, मलाजखंडला खाणीतल्या एका ठेकेदाराकडे काम करतो. तिकडे उंचावर चढणाऱ्याला पट्टा घालावाच लागतो. माझ्या बायकोने त्याच्यामागे लागून तिथल्या बाजारातून माझ्यासाठी एक मागवला, वर पिवळं हेल्मेट. तिचं म्हणणं असं की खाली दोर धरणारे भाऊजी दुपारी डुलक्या घेतात. पट्टा नारिंगी रंगाचा, मांड्यांना फास, खांद्यांवरून फास, छातीला बक्कल आणि पाठीवर ही एवढी लोखंडी कडी. घालून अंगणात उभा राहिलो तर पोळ्याच्या बैलासारखा दिसत होतो. शेजारणीने विचारलंही, पुरणपोळी कधी?

साडभावाने पट्टा पाहिला. कडी बोटाने वाजवली. मग म्हणाला, "म्हंजे आता माह्या हातावर भरोसा नाही?"

इथे शहाणा माणूस म्हणाला असता, भाऊ, तुमच्या मेव्हणीचं डोकं आहे हे. पण माझी जीभ माझ्याआधी झाडावर चढते. मी म्हणालो, "लोखंड डुलकी घेत नाही, भाऊ."

त्याने अबोला धरला. तसाही तो बोलत नसल्यामुळे मला ते लवकर कळलं नाही. एका चिंचेवरून मी वाघाची अशी गोष्ट सांगितली की वाघालाही लाज वाटली असती, आणि खालून 'हौ' आलं नाही, तेव्हा कळलं.

आमच्या सासरी अबोल्याचा कायदा कडक आहे. जो आधी बोलेल त्याने दोन्ही घरांना गावरान कोंबडी खाऊ घालायची. त्यामुळे त्या घरातले अबोले मुरत घातलेल्या लोणच्यासारखे टिकतात. दोघी बहिणींचं आपसात छान चाललं होतं. त्यांनी मसालाही वाटून ठेवला होता, फक्त कोणाच्या चुलीवर चढवायचा एवढं ठरायचं होतं.

आणि अशातच मास्तरीणबाईंचं काम आलं. बालाघाटात सरकारी शाळेत आयुष्य काढून आता निवृत्त झालेल्या या बाई. त्यांच्या परसात एक आंबा, त्याची एक जाडजूड फांदी स्वयंपाकघराच्या छपराच्या कवेलूंवर टेकत आलेली. फांदीखाली बाजेवर बाईंच्या कुरोड्या वाळत घातलेल्या. काम सोपं होतं. फक्त वरचा आणि खालचा एकमेकांशी बोलत नव्हते.

पट्ट्याची कडी पाठीवर, तिथे आपला हात पोचत नाही. साडभाऊ विडी ओढत आकाश बघत होता. शेवटी बाईंनी चष्मा लावून माझ्या पाठीला दोराचा आकडा अडकवून दिला, बसच्या टपावर पेटी बांधावी तसा. दोराचं दुसरं टोक घेऊन मी वर चढलो, डोक्यावरच्या फांदीला पक्की गाठ मारली आणि करवत चालवायला लागलो. आपला जुना दोर बुंध्याशी वेटोळं घालून पडला होता. त्याच्यावर साडभाऊ बसला होता.

फांदी अर्ध्याच्या वर कापून झाली आणि फाटली. शेंडा खाली लवला, बुडखा वर उसळला, आणि माझ्या पायाखालचं झाड गेलं. फांदी कवेलूंना हात न लावता बाजूच्या मातीत पडली, अशी अलगद की मीच शिकवून ठेवली होती असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पट्ट्यानेही आपलं काम केलं. मी पडलो नाही. पण पाठीच्या कडीने लटकलो, तोंड जमिनीकडे, हातपाय चारी दिशांना. विहिरीत सोडलेला बेडूक पाहिला असेल तर तसा. गाठ वर, आकडा पाठीमागे, दोन्ही हाताबाहेर. जवळच्या फांदीला पाय लावायला गेलो की दोर फिरायचा आणि मला सगळं बालाघाट गोल गोल दाखवून परत आणायचा.

वाचायचा एकच मार्ग होता, आपला जुना दोर. सुतळीला दगड बांधून ती बेचक्यातून फेकायची, तिच्यामागून दोर ओढायचा. ही फेक साडभावाची. दगड असा जातो की बेचक्यात बसलेली चिमणी फक्त मान वाकडी करते. पण त्याच्याशी बोलणार कोण?

"बाई," मी वरून म्हणालो, "त्यायले सांगा, त्या धोंड्याले, का दोर फेका म्हणा."

बाई शुद्ध बोलणाऱ्या. त्या वळून साडभावाला म्हणाल्या, "ते आपल्याला दोर टाकण्याची विनंती करत आहेत."

साडभावाने विडी विझवली. "बाई, त्यायले सांगा," तो म्हणाला, "पट्ट्याले विचारा."

बाईंनी हेही वर पोचवलं. मी तिथून पट्ट्याबद्दल, त्याच्याबद्दल आणि त्याच्या सासऱ्याबद्दल, जो माझाही सासरा आहे, बरंच बोललो. बाईंनी त्यातलं काही गाळून, काहीला व्याकरण लावून खाली दिलं. तो प्रत्येक वेळी तेच म्हणाला, पट्ट्याले विचारा. मग बाईंना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं आणि आमचं टपाल बंद पडलं.

मी तोवर मजेत होतो असंच सगळ्यांना सांगत आलो आहे. पण मांड्यांचे फास आवळायला लागले होते. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. पाय माझे आहेत की बाजारातून उसने आणलेत हे कळेना. कानात भाताची गिरणी सुरू झाली. खालच्या कुरोड्या आधी एका बाजेवर होत्या, मग दोन बाजांवर दिसायला लागल्या. आता बोलायला हवं हे कळत होतं, साडभाऊ म्हणून हाक मारली की झालं, एका कोंबडीचा प्रश्न. पण तोंड उघडलं तर शब्दच येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी झाडावर असून गप्प होतो.

आणि खाली तो दोरावरून उठला.

हे मला नंतर बाईंनी सांगितलं. दूध उतरवून त्या दारात आल्या तेव्हा तो मान वर करून उभा होता. माझ्या शिव्यांनी तो हलला नव्हता, विनंतीने हलला नव्हता. या शांततेने त्याचा चेहरा उतरला होता.

"काहून चूप झाला बे?" तो म्हणाला.

तो माझ्या थेट खाली येऊन उभा राहिला.

"बोल ना. वाघाचं सांग. काहीबी सांग, मी हौ म्हणतो."

मी म्हणे काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात सुतळी माझ्या कानाजवळून सूं करत बेचक्यातून गेली, पहिल्याच फेकीत. पाठोपाठ दोर आला, टोकाला फास केलेला. "पाय घाल त्यात. दोन्ही. उभा राय त्याच्यावर, मांड्या सोडव," तो खालून सांगत होता, आणि मी, ज्याला कोणी काही सांगितलेलं आवडत नाही, निमूट ऐकत होतो. दोन्ही पाय फासात कसेबसे गेले. त्याने बुंध्याला वेढा मारून मला असा उचलला की मी पट्ट्यावरून दोरावर आलो, पायात रक्त उतरलं, आणि त्याबरोबर तोंडही परत सुरू झालं. फांदीवर पोट टाकून मी माझी गाठ सोडली. मग त्याने मला खाली घेतलं, लोणच्याची बरणी फळीवरून उतरवतात तसं.

खाली आल्यावर बराच वेळ मला उभं राहता आलं नाही. तो माझ्या मांड्या चोळत बसला. बाईंनी तेच दूध साखर घालून दिलं. मी पहिला घोट घेऊन म्हणालो, "भाऊ, कोंबडी तुमच्या घरी. आधी तुमी बोलले."

"मी आंब्याले बोललो," तो म्हणाला.

बाईंना पंच केलं. त्यांनी विचार करून सांगितलं की आंबा गोष्टी सांगत नाही, तेव्हा वाघाची गोष्ट मागणं हे माणसालाच उद्देशून होतं. कोंबडी त्याच्या घरी झाली. बाईंनाही बोलावलं. त्या शाकाहारी निघाल्या, म्हणून त्यांच्यापुरती वांग्याची भाजी.

मेव्हण्याला फोनवर हकीगत सांगितली तर तो इतका हसला की फोन गरम झाला. म्हणाला, तो पट्टा मचाणावरच्या कामाचा, पडणाऱ्याला पकडण्यापुरता. पडल्यावर लगेच कोणी खाली घ्यायला पाहिजे. झाडावर लटकून काम करायचं तर कडी पुढे, बेंबीशी लागते. तो पट्टा वेगळा मिळतो. आता माझ्याकडे तो आहे. सकाळी साडभाऊ स्वतः त्याची बक्कलं आवळतो, माझ्या तोंडून आवाज निघेपर्यंत. आणि जुना दोरही माझ्या कमरेला असतो, त्याचं शेपूट त्याच्या हातात. बायको म्हणते, आता दोन दोन कशाला? मी म्हणतो, एक तुझा, एक तुझ्या बहिणीचा.

परवा एका करंजावर होतो. करवत लाकडात अडकली म्हणून जरा गप्प झालो, तर दोराला खालून झटका बसला.

"बोल," तो म्हणाला.

मी घाम पुसला आणि सांगायला लागलो की मास्तरीणबाईंच्या आंब्यावरून लटकताना मी गिरक्या घेत होतो ना, तेव्हा मला मलाजखंडची खाण स्वच्छ दिसली होती, आणि खाणीच्या तळाशी आपला मेव्हणा डबा उघडून बसला होता, डब्यात भेंडी होती.

"हौ," खालून आवाज आला.