दळवी काकांचा थर्मामीटर

दळवी काका गेल्याचा फोन आला तेव्हा माझा केक ओव्हनमध्ये होता. गेली काही वर्षं ते साताऱ्याकडे गावीच असायचे. "दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत," काकू म्हणाल्या. फोन ठेवला आणि मी आधी ओव्हनमधल्या थर्मामीटरकडे बघितलं, मग रडले. उलटं व्हायला हवं होतं खरं… पण तो पितळी आवरणातला थर्मामीटर काकांचाच. माझे तीन ओव्हन झाले, तो मात्र तोच आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हा काका आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर होते. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी. तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं बरोबर दाखवतात की नाही, हे तपासायचं काम. माझा नवरा सुधीर दुसऱ्या एका कंपनीत फिटर होता. त्या कंपनीला टाळं लागलं आणि मी हौसेने करत असलेले केक एकदम पोटापाण्याचे झाले. सुधीर गप्प झाला. तोच पेपर चारदा वाचायचा, बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. त्याचं काय करावं मला कळत नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागही यायचा.

अशात नवरात्र आलं. घटस्थापनेआधी डबे, पंखे, माळे सगळं धुऊन-पुसून झाल्यावर मी ओव्हनकडे वळले. आतल्या भिंतीला पेन्सिलीएवढी एक तांब्याची काडी होती, काळीकुट्ट झालेली. तांबं दिसलं की आमचा हात चिंचेकडे जातो. देवाचं ताम्हण घासावं तशी ती घासून लख्ख केली, परत आत सरकवली आणि विसरून गेले. त्यानंतरचे दोन केक मध्यभागी कच्चे निघाले. दोन्ही परत आले. तिसरी ऑर्डर रविवारच्या बारशाची होती. तोही केक बिघडला असता तर नेरूळात पुन्हा माझ्याकडे कोण येणार होतं?

मी बोलावलं म्हणून गुरुवारी दुपारी काका आले. ओव्हनमध्ये डोकं घालून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सेन्सरवर संशय हाय, ताई. पर ह्ये एकट्याचं काम न्हाई. सुधीररावांना बोलवा."

त्यांनी आपला थर्मामीटर आत ठेवला, ओव्हन एकशे ऐंशीवर लावला आणि सुधीरच्या हातात वही-पेन्सिल दिली. "दर पाच मिनिटांनी रीडिंग घ्यायचं. अंदाज चालनार न्हाई." सुधीरने मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं आणि स्टूलवर बसला. आकडा एकशे तीसच्या पुढे जाईना. शुक्रवारी काकांनी प्लग काढून मला पातेल्यात पाणी उकळायला लावलं. ती काडी, म्हणजेच सेन्सर, त्यात बुडवली आणि सुधीरला ओव्हनचं बटण सावकाश फिरवायला सांगितलं. बरोबर शंभरावर टक्क आवाज झाला. "सेन्सर खरा हाय," काडी परत होती तशीच आत सरकवत काका म्हणाले, "मग आता चुकतंय कोन?" त्या संध्याकाळी सुधीर जेवताना आपणहून ओव्हनविषयी बोलत होता. मी भाजी वाढायची विसरले.

शनिवारी काका म्हणाले, "आज तुमी बगा." सुधीरने आत हात घातला. "काका, काडी कॉइलला टेकलीय! ती लगेच तापते, ओव्हन लवकर बंद होतो. भिंतीवरची तिची क्लिप रिकामी आहे बघा."

"आरं तिच्या!" काकांनी कपाळावर हात मारला. "मला कसं दिसलं न्हाई?"

काडी क्लिपमध्ये बसली. रविवारचा केक असा फुलला की मीच दोनदा सुरी घालून बघितलं. काकांनी थर्मामीटर मागे ठेवला, "ऱ्हाऊ द्या, सुधीररावांना लागंल." पुढच्या आठवड्यात सुधीर ऑर्डरी पोचवायला स्वतः निघाला.

काका गेल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं काकूंना भेटायला गावी गेलो. ओव्हनची आठवण निघाली तशा काकू म्हणाल्या, "अगं, पहिल्या दिवशी हे हसतच घरी आले. पोरीनं सेन्सर घासून भलतीकडंच ठेवलाय म्हणाले. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणतात, ते बसवायला एक मिनिट लागंल, सुधीररावांना उठतं-बसतं करायला तीन दिवस लागतील."

मी सुधीरकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"मलाही पहिल्याच दिवशी दिसली होती ती रिकामी क्लिप," तो हळूच म्हणाला. "पण काका वही घेऊन आले होते… किती महिन्यांनी मला कोणी काम सांगत होतं."

म्हणजे तीन दिवस त्या ओव्हनपुढे खरी काळजी एकटी मीच करत होते! चांगलं भांडायला हवं होतं दोघांशी. एक तर निघून गेला, आणि दुसऱ्याचे डोळे भरलेले. मला कुणावरच रागवता आलं नाही.

आज सकाळी केक आत ठेवला. हा ओव्हन नवा आहे, आकडे स्वतःच दाखवतो आणि कधी चुकत नाही. सुधीरने घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं, स्टूल ओढलं आणि वही उघडून काकांच्या थर्मामीटरचं रीडिंग लिहून घेतलं. पाच मिनिटांनी मी पेन्सिलीला टोक करून त्याच्या हातात दिली.