शुक्रवारची कमलताई

कमलताई बोलता बोलता समोरच्या माणसाच्या कपड्यावरचा लोंबणारा दोरा कापायची. गळ्यात काळ्या नाडीला चिमट्याएवढी कात्री अडकवलेली असे. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत असल्या कात्रीला कटर म्हणतात. पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा समाजवाद बरा की भांडवलशाही, यावर आमच्या ह्यांच्याशी तिची जुंपली होती. ऐन रंगात तिने ह्यांचा हात धरला, शर्टाच्या बाहीचा दोरा कट्कन कापला आणि म्हणाली, "हां, बोला भाऊ." ह्यांना कळलंसुद्धा नाही. मला कळलं. मी चहा घेऊन दारात उभी होते, आणि तो शर्ट मीच शिवला होता.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहायचो. हे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते, युनियनचे सेक्रेटरी. त्या पट्ट्यातल्या कारखान्यांची वीज शुक्रवारी बंद, म्हणून सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत दहा-अकरा माणसं जमायची आणि वाद घालायची. कमलताईचा भाऊ ह्यांच्याच खात्यात होता. "माझी बहीण घरी डोकं खाते, इथे आणतो, तुम्हीच बघा," असं म्हणून त्याने तिला आणलं. नंतर भाऊ यायचा बंद झाला. ती मात्र दर शुक्रवारी हजर.

पस्तिशीची, सावळी, उंच. राहायची उल्हासनगरच्या कॅम्पात, सिंधी निर्वासितांच्या जुन्या वस्तीत. वडील नगरपालिकेच्या झाडूखात्यात होते. नवऱ्याने टाकली का, असं आमच्या शेजारणीने एकदा हळूच विचारलं, तर कमलताई सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "टाकली नाही, काकू. मी सोडला. हिस्ट्री उलटी नका लिहू." दहा वर्षं एका सिंधी शेठकडे शिवणकाम करून तिने स्वतःच्या सहा मशिनी टाकल्या होत्या. बारा बायका तिच्याकडे दोन पाळ्यांत काम करायच्या.

तिचं भांडवलशाहीचं प्रेम पुस्तकातलं नव्हतं. "भाऊ, शेठने पहिल्या दिवशी मला एकच विचारलं, शिलाई सीधी येते का? आडनाव विचारलं दोन वर्षांनी, तेही मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायची होती म्हणून. आणि तुमच्या सरकारी हपिसात मशीनचं कर्ज मागायला गेले, तर साहेबाने आधी आडनाव विचारलं, मग नवऱ्याची सही मागितली. आता बोला, माझी आझादी कुठे आहे?"

हे पण कच्चे नव्हते. "शेठला तुमचा हात हवा होता, कमलताई. उद्या तो हात सुईखाली गेला तर तोच शेठ ओळख देणार नाही. तुमच्याकडच्या मुलीला ताप आला तर तिला काय स्वातंत्र्य आहे? घरी बसून उपाशी राहायचं?"

यावर कमलताई खोटं काही उभं करायची नाही. छताकडे बघून म्हणायची, "याला जवाब नाही माझ्याकडे. नेक्स्ट शुक्रवारी आणते." आणि खरंच आणायची. आठवडाभर मशीनवर बसून त्याच एका प्रश्नाशी भांडलेली असायची. तिने जवाब आणला की हे आनंदाने मांडीवर थाप मारायचे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती; माझ्या कुठल्या वाक्यावर ह्यांनी मांडीवर थाप मारलेली मला आठवत नव्हती. माझ्याशी हे बोलायचे ते रॉकेल आणलं का, आईला पत्र टाकलं का, एवढंच.

माझा जळफळाट व्हायचा, सरळच सांगते. पण ज्यावरून बायका संशय घेतात तसलं त्यात काही नव्हतं, आणि तेच जास्त लागायचं. तसलं असतं तर भांडता आलं असतं. आपला नवरा दुसऱ्या बाईशी कामगारांच्या हक्कांवर फार छान बोलतो, ही तक्रार माहेरी कशी सांगायची?

वादाचा निकाल लावायची ह्यांनीच काढलेली एक पद्धत होती. हात वर करून मतं दिली की माणसं एकमेकांची तोंडं बघतात, म्हणून चहा झाला की जो तो स्वयंपाकघराच्या पडद्याआड येऊन आपली कपबशी ओट्यावर ठेवून जायचा. समाजवाद पटला तर कप सुलटा, कमलताईचं पटलं तर बशीत उपडा. मी मोजायची आणि बाहेर येऊन सांगायची. मला कपही नव्हता आणि मतही. "ती तटस्थ आहे," हे म्हणायचे. मी आणि तटस्थ! पहिल्या दोन-चार शुक्रवारांनंतरच मी कप फिरवायला लागले. तीन उपडे सुलटे केले की हे जिंकायचे. सतत हरली की यायची बंद होईल, असा माझा हिशेब. पण हरणाऱ्याने पुढच्या वेळी आधी बोलायचं असा नियम होता, त्यामुळे दर शुक्रवारी खोलीत पहिला आवाज तिचाच. शिवाय हरली की ती जास्तच खुशीत यायची.

असं वर्षभर चाललं. मग एका शुक्रवारी तिने माझ्या ब्लाउजची बाही दोन बोटांत धरली. "वहिनी, ही कोणी बसवली?"

"मीच."

"एक चुणी नाही! माझ्याकडे या ना कामाला. असा हात मला मिळत नाही."

मी लग्नाआधी शिवणाचा डिप्लोमा केला होता. मशीन घरात होतं; घरचे चार कपडे शिवायचे तेवढ्यापुरता त्यावरचा टीव्ही उतरायचा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हसले. "माझी बायको मालकाकडे? बरं, हाच आजचा विषय."

आणि खरोखर तोच विषय झाला. मी चहा गाळत होते आणि बाहेर अकरा जण माझ्यावर वाद घालत होते. हे म्हणाले, घर सांभाळून वर पीसवर, नगामागच्या पैशांवर, राबायचं म्हणजे बाईला दुसरी पाळी लावणं, त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. मुद्दा खोटा नव्हता. कमलताई म्हणाली, "भाऊ, पहिल्या पाळीचं काय? युनियनमध्ये तुम्ही निवडून येता. घरात काय, परमनंट?" खोली हसली. "वहिनीला काय पाहिजे ते वहिनी ठरवेल. ती आझादी ना तुमची ना माझी, तिची आहे." पण वहिनीला विचारायला पडद्याआड कोणीच आलं नाही. तीसुद्धा नाही.

ओट्यावर आठ कप उपडे होते आणि तीन सुलटे. आठ जणांना वाटत होतं मी जावं. मला जायचं होतं, देवाशपथ जायचं होतं. पण मी बाहेर जाऊन 'कमलताई जिंकली' म्हणणार, हे मांडीवर थाप मारणार, तिच्याकडे बघून हसणार, आणि मी तिच्या पदरात पडलेलं बक्षीस म्हणून कामाला जाणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि माझे हात आपोआप चालले. मी पाच कप फिरवले. बाहेर येऊन म्हणाले, "समाजवाद. आठ-तीन."

कमलताई कप विसळायला आत आली. सुलट्या कपांखालच्या बश्यांकडे तिने पाहिलं. उपडा कप बशीत चहाचं गोल वळं ठेवतो. ती वळी तीनऐवजी आठ बश्यांत होती. घाईत मी पुसायची विसरले होते. हातातला कप खाली ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मला हरवता ते मला माहीत आहे. बिनधास्त हरवा. पण आज स्वतःला का हरवलंत?"

मी बश्या पुसायला घेतल्या. तिने कोणाला सांगितलं नाही. मशीनवरचा टीव्ही तसाच राहिला.

नंतर परदेशातली समाजवादी सरकारं एकामागून एक पडायला लागली. कामावरून आले की हे पेपर घेऊन बसायचे. आता कमलताई येऊन फुशारक्या मारणार, असं मला वाटलं. आली, बसली, आणि म्हणाली, "आज विषय नको, भाऊ. सुतकात वाद घालत नाहीत." त्या दिवशी तर माझा मत्सर कळसाला पोचला, कारण ह्यांचं दुःख मला दिसलंच नव्हतं आणि तिला दिसलं होतं. हळूहळू माणसं पांगली, तिचं काम वाढलं, शुक्रवार थांबले.

चौऱ्याण्णव साली ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं. सहा महिने हे गेटवर बसून होते. एका सकाळी मी चप्पल घातली आणि सांगितलं, "मी कमलताईकडे चाललेय, कामाला. आणि त्या शुक्रवारी तुम्ही हरला होतात. कप मी फिरवले."

ह्यांनी विचारलं, "तिला माहीत होतं?" इतक्या वर्षांनी सांगितलं, तरी पहिला प्रश्न तिच्याबद्दलच.

कमलताईने मला बघितलं आणि मशीन थांबवलं. "भाऊंना विचारलंत?"

"नाही. सांगितलं."

"मग बसा. आणि इथे वहिनी-बिहिनी नाही हां. सुनंदाबाई."

तिथे मी तिला पहिल्यांदा मालकीण म्हणून पाहिलं. कडक होती. चूक दिसली की आख्खा पीस उसवायला लावायची. चौथ्या महिन्यात मंगल नावाच्या मुलीला टायफॉईड झाला आणि कमलताईने तिच्या जागी दुसरी बसवली. माझ्या तोंडून निघून गेलं, "कमलताई, तुमच्या शेठने तुम्हाला आडनाव विचारलं नाही, म्हणून तुम्ही त्याचं गाणं गाता. मंगल बाहेर जाऊन तुमचं काय गाणार?"

सगळ्या मशिनी थांबल्या. आता मला घरी पाठवणार, असं वाटलं. तिने स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मी बघत राहिले. ह्यांच्याशी वाद घालताना तो तसा फुलायचा. मी इतकी वर्षं तो बाजूने पाहिला होता, समोरून कधीच नाही. "याला जवाब नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी ती मंगलच्या घरी जाऊन आली, आणि आजारपणाची भरपगारी रजा सुरू झाली. तेव्हापासून डब्याच्या सुट्टीत आम्ही दोघी रोज भांडायचो. मी समाजवादी झाले असं नाही. तिच्यासमोर कोणीतरी दुसऱ्या बाजूला बसायला हवं होतं, आणि ती जागा मला हवी होती.

दोन वर्षं मिळाली. मग तिला कावीळ झाली, अंगावर काढली, आणि पंधरा दिवसांत ती गेली. स्मशानातून परत येताना हे रस्त्यात थांबून रडले. "अशी भांडणारी परत मिळायची नाही," म्हणाले. मी ह्यांचा हात धरला, पण मनात वेगळंच चाललं होतं. पडद्याआड कप मोजण्यात माझी तिच्यासोबतची वर्षं गेली, आणि तेवढी सगळी ह्यांनी तिच्यासमोर बसून घालवली. आजही माझा मत्सर गेलेला नाही. फक्त आता तो ह्यांच्यावर आहे.