बोल्टाला तेल

बा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. अर्नाळ्याची होडी सोडून मी मुंबईच्या कारखान्यात फिटर झालो, ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. तो चारचौघांत मला ‘लोखंड चाटाया गेलेला’ म्हणाला, ते माझ्या जिव्हारी लागलं. सुट्टीत घरी आलो की एकाच ओटीवर बसून आम्ही आईच्या तोंडून बोलायचो.

पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर वर ओढायची असे. चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून तीस-चाळीस माणसं ती ओढत आणि त्यासाठी बा घरोघर बोलावणं करत फिरे. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी भंगारातून दोर गुंडाळून होडी ओढणारी एक दातेरी चरखी आणली आणि आईला ऐकवलं, ‘सांग त्याला, यंदा कोणाच्या पाया पडायची गरज नाही.’

‘चालीस मान्सांचं काम चार खिले करनार?’ बा भिंतीला म्हणाला.

ते खिळे नव्हते. चरखी जमिनीला धरून ठेवणारे हातभर लांबीचे चार बोल्ट होते. खालचं टोक वाकवायला माझ्याकडे भट्टी नव्हती, म्हणून छिन्नीने अंगभर खाचा पाडल्या होत्या, म्हणजे काँक्रीट त्यांना घट्ट धरेल. सिमेंट परमिटावर मिळवलं. कडक थर लागेपर्यंत खड्डा खणला. बोल्ट फळीला टांगून खड्ड्यात उभे सोडले आणि रेती धुवायला गोड्या विहिरीवर गेलो. रेती तीनदा धुतली, कारण खारट रेती लोखंड खाते. परत आलो तेव्हा दिवस कलला होता. वाकून पाहायचं सोडून मी घाईघाईने काँक्रीट ओतलं आणि ठोकून बसवलं.

तीन आठवडे गोणपाट ओलं ठेवायचं काम आईला लावून मी मुंबईला गेलो. ती पाणी घालायची तेव्हा बा विचारायचा, ‘दगडाला न्हाऊ घालतेस व्हय?’ माझ्या कामापायी ती बिचारी रोज त्याचे टोमणे खात होती.

ओढायच्या दिवशी अख्खा पाडा बघायला जमला. मदतीला नव्हे, माझी फजिती बघायला. मी नट आवळले, दोर ताणला, दोघांना चरखीचा दांडा फिरवायला उभं केलं. होडी हलली, ओंडक्यांवर चढली, अर्ध्या उतारापर्यंत आली. मी बाच्याकडे बघितलं. तो होडीच्या मागे खांदा लावून उभा होता. माझ्या चरखीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

मग जमिनीकडचे दोन बोल्ट काँक्रीटमधून सरळ वर आले. चरखी उलटली, दोर सुटला आणि होडी मागे घसरली. बाचा पाय ओंडक्याखाली गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

लोकांनी होडी अडवली, त्याला बाहेर काढलं. मी एक बोल्ट उचलला. खाचा चरबीने बुजलेल्या होत्या आणि त्याला मुशी माशाच्या तेलाचा वास येत होता. होडीच्या प्रत्येक लोखंडाला बा तेच तेल-चरबी चोपडायचा, गंज चढू नये म्हणून. मी विहिरीवर होतो तेव्हा त्याने माझ्या बोल्टांनाही चोपडलं होतं.

‘अक्कल आहे का तुला?’ पाय मोडून वाळूत पडलेल्या बापावर मी सगळ्या पाड्यासमोर ओरडलो. ‘तेल लावलं की काँक्रीट लोखंडाला धरत नाही! पोरालासुद्धा कळतं!’

पोराला ते कळत नाही. मलाही कारखान्यात शिव्या खाऊनच कळलं होतं.

बा कण्हत नव्हता. दात आवळून त्याने पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघितलं.

‘खारी हवा हाय,’ तो म्हणाला. ‘तुजं लोखन सडू नये म्हनून लावलं. लावायचं नाय, तर मंग सांगाया काय झालं व्हतं तुला?’

सगळे माझ्याकडे बघत होते. त्याचाही राग मी त्याच्यावरच काढला. बोल्ट पाण्यात भिरकावला आणि बाला उचलायला हात न लावता विरार स्टेशनच्या वाटेला लागलो.