नामदेवमामांच्या चपला

मे महिन्यातला शनिवार, जालन्याच्या एमआयडीसीतली आमची बियाण्यांची कंपनी. शनिवारी दोनला सुट्टी व्हायची... आणि दोनला दहा कमी असताना मी कोल्ड रूममध्ये अडकलो.

नव्वदीचा शेवट होता तो. परदेशी कंपनीशी करार ठरत होता, पाहुणे यायचे होते, म्हणून जुन्या गोदामाची कोल्ड रूम झाली. इमारतीची सगळी व्यवस्था माझ्याकडे... आणि मला नव्याचं भलतंच वारं लागलं होतं.

गोदामात जाताना माणसं दारात चपला काढत. तो ढीग बघून माझं डोकं फिरायचं. मी नोटीस लावली... सगळ्यांनी कंपनीचे बूट घालायचे, दारात चपला दिसता कामा नयेत.

आमचे जुने वॉचमन, वडीगोद्रीचे नामदेवमामा, तेवढे कुरकुरले. "साहेब, चपला राहू द्या की. आत कोण हाय ते बराबर कळतं." मी हसण्यावारी नेलं.

त्या दिवशी टेम्परेचर बघायला आत गेलो आणि मागे दार लागलं. निघताना आतला खटका दाबला... दार हलेना. खांदा लावला, मुठी आपटल्या, बोंबललो. कॉम्प्रेसरच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मग घड्याळ बघितलं. सगळे घरी जाणार, उद्या रविवार, दार उघडणार ते थेट सोमवारी! अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मोबाईल तेव्हा कुठला... आणि बायकोला सकाळीच सांगितलं होतं, कामासाठी औरंगाबादला मुक्काम पडेल कदाचित. म्हणजे तीही शोधणार नव्हती.

पोत्यांच्या आडोशाला अंग चोरून बसलो. दोन वाजले... सव्वादोन. बोटं बधिर झाली. माझे बूट माझ्याच पायात होते, बाहेर माझी कसलीच खूण नव्हती. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि खरं सांगतो, मी रडलो.

अडीचला दार उघडलं. समोर नामदेवमामा... अनवाणी. आणि दाराशेजारी त्यांच्या झिजलेल्या चपला.

"तुमाला आत जाताना बघितलं, म्हणून काढून ठेवल्या," ते म्हणाले. "नोटीस लागल्यापासून असंच करून राह्यलो. कुणी आत गेलं की माझ्या चपला दारात. घरी जाताना त्या लागतेतच... मंग आतला माणूस इसरायचं काम न्हाई."

मे महिन्यात, जालन्याच्या उन्हात, तापलेल्या आवारातून हा माणूस अनवाणी फिरत होता... माझ्या नोटिशीपायी. मी खाली वाकून त्यांच्या चपला त्यांच्या पायांसमोर ठेवल्या.

सोमवारी नोटीस मीच फाडली. खटका बदलून घेतला, आत घंटाही बसवली. पुढच्या महिन्यात पाहुणे आले, कोल्ड रूम बघायला निघाले... तेव्हा दारात सगळ्यांत आधी मी माझे बूट काढले.

मागे वळून बघितलं, तर साहेब लोकही वाकून आपापल्या लेस सोडत होते. आणि गेटजवळ नामदेवमामा उभे होते... पायात चपला घालून.