मठाच्या चर्चमधली फरशी

हॅमिल्टनच्या आमच्या शेजारच्या काकांइतका एका चर्चवर चिडलेला हिंदू माणूस सबंध कॅनडात सापडायचा नाही. चर्च तरी कुठलं? फ्रान्समधल्या एका खेड्यातलं, मध्ययुगीन मठाचं. निवृत्त सिव्हिल इंजिनियर असलेल्या काकांनी ते काकूंबरोबर सहलीत एकदाच पाहिलं आणि घरी येऊन त्याचा इतिहास वाचायला घेतला. तेव्हापासून त्यातला प्रत्येक गुन्हेगार कालपरवाच मोकळा सुटल्यासारखे ते बोलतात. बर्फ शोव्हल करता करता मध्येच थांबून मला विचारतात, "पाया नीट भरायच्या आधी मनोरा चढवतं का कोणी? पडला की नाही! आणि त्या मठाधिपतीचा पुतळा अजून दारात!" त्या कामावर मुकादम मीच होतो, अशा चेहऱ्याने मी ऐकून घेतो. पुढे राजाच्या सैन्याने तिथे घोडे बांधले, क्रांतीवाल्यांनी दगड विकले. माझा ड्राइव्हवे तसाच बर्फाखाली राहतो.

देव कोणाचाही असो, काका बूट बाहेर काढतात. तिथेही काढले. गाइड म्हणाला, "सगळी फरशी मूळची." काका मोज्यांनी सबंध चर्च चालून आले आणि कडाडले, "खोटं! सगळी मशीनने कापलेली. जुनी ती एकच, दाराजवळची, झिजून खोलगट झालेली." काकूंनीही बूट काढून खात्री केली.

यंदा बातमी आली, की पर्यटक अडखळतात म्हणून तीही फरशी काढणार. काकांनी सह्या गोळा करायला निषेधाचा कागद घेऊन इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम गाठला. पण एका नगरसेवकाचा सत्कार इतका लांबला, की त्याने नेमकं काय केलं हे सांगायला वेळच उरला नाही. "काका, पाचच मिनिटं हं, पुऱ्या गार होतायत," अध्यक्ष म्हणाले. ती सगळी काकांनी मठाधिपतीवर खर्च केली. "काम अर्धवट, आणि सत्कार आधी!" अध्यक्षांना तो टोमणा वाटला. फरशीचं नाव निघायच्या आतच माणसं पुऱ्यांकडे वळली.

जिन्याशी बुटांच्या ढिगात काका आपले बूट शोधत होते.

"मुद्द्याचं तेवढं राहिलंच की हो," मी चिडून म्हणालो.

"राहू दे." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नाही. "तुझी काकू उभी राहिली होती त्या खळग्यात. म्हणाली, 'अहो, इथे पाय कसा आपोआप बसतो.'"

काकूंशिवायचा हा त्यांचा पहिलाच हिवाळा.

मी घातलेले बूट पुन्हा काढले, त्यांच्या हातातला कागद घेतला आणि पुऱ्यांच्या रांगेकडे निघालो.